वनहक्क कायदा जंगल वाटतो का?

‘आदिवासींना जंगल वाटून टाकलं’, हे शहरात हमखास ऐकू येतं. 2006चा वनहक्क कायदा नवी जमीन देत नाही. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जे कसत होते, त्यांची वहिवाट तो मान्य करतो, तीही जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत. हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे होतो आणि वारसांकडे जातो, पण जमीन विकता येत नाही. त्यामुळे ती उद्या बिल्डरला जाईल ही भीतीही फोल आहे.

‘कागद नाही म्हणजे दावा खोटा’, असंही म्हणतात. ज्यांच्या वहिवाटीची कधी नोंदच झाली नाही, त्यांच्याकडे कागद येणार कुठून? म्हणून गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हेही नियमांनुसार पुरावे ठरतात. मात्र एकाहून अधिक लागतात. बिगर-आदिवासीही दावा करू शकतात, पण त्यांना 13 डिसेंबर 2005च्या आधीचा 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

मला सगळ्यात मोठा गैरसमज वाटतो तो वेगळाच: हा कायदा म्हणजे फक्त वैयक्तिक पट्टे. त्याचा खरा गाभा सामूहिक वनहक्कात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर तो मिळाला. तरीही बांबूचं घोडं अडलंच. कायद्याने बांबू गौण वनोपजात घातलेला, पण तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना हवा आणि परवाना वनखात्याच्या हातात. अखेर एप्रिल 2011मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कायद्यातला हक्क वापरायला मंत्र्यांना गावापर्यंत यावं लागलं, हेही नोंदवून ठेवायला हवं. तिथून पुढे बांबूविक्रीचा व्यवहार गावानेच पाहिला.

आणि सामूहिक हक्क म्हणजे कुऱ्हाड चालवायची मोकळीक, असंही नाही. त्या जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे येतं. हक्काबरोबर जबाबदारीही कायद्यातच लिहिलेली आहे.

राहिला फेटाळलेल्या दाव्यांचा प्रश्न. दावा फेटाळला की लगेच हुसकावता येतं, ही समजूत अधिकाऱ्यांमध्येही आढळते. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय आणि त्यावर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. फेब्रुवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली.