'कामावर रुजू' म्हणजे 'बरा झाला'? एका चलाची गोष्ट



मागच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, म्हणजे पोटावर चार छोटी छिद्रं. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती, 'पंधरा दिवसांनी कामावर जाण्यास हरकत नाही.' शेजारच्या खाटेवरच्या काकूंचंही तेच ऑपरेशन झालेलं आणि त्यांच्या कार्डावरही तीच ओळ. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवली. त्या हसून म्हणाल्या, "बाई, तुझं काम बसून, माझं वाकून. मग दोघींना पंधराच दिवस कसे?"

सोळाव्या दिवशी मी विभागात जाऊन सही केली. कागदोपत्री मी रुजू झाले. प्रत्यक्षात दुपारनंतर डोकं चालत नव्हतं, लॅपटॉपची बॅग मैत्रीण उचलायची आणि घरी पाण्याच्या कळशीला आई हात लावू देत नव्हती. त्या दिवशी कुणी माझी प्रश्नावली भरून घेतली असती, तर 'कामावर परतली : होय' या चौकटीत खूण झाली असती. काकूंचा प्रश्न मात्र त्या चौकटीत बसला नसता. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे.

हा चल इतका लोकप्रिय का?

शस्त्रक्रियेनंतरच्या अभ्यासांत 'कामावर परतण्यास लागलेले दिवस' हा चल पुन्हा पुन्हा भेटतो. कारण सोपं आहे. तो आकड्यात मिळतो, हजेरीपटावरून पडताळता येतो आणि पैशांत मांडता येतो. म्हणजे विश्वसनीयता चांगली. पण वैधतेचं काय? आपल्याला मोजायचं आहे 'बरं होणं', आणि आपण मोजतोय 'हजर होणं'. या दोन्हींत अंतर पाडणाऱ्या तीन गोष्टी बघू.

१. शरीराचं घड्याळ वेगळं असतं

टाके निघाले की जखम भरली असं आपण धरून चालतो. शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत त्वचेच्या जखमेचं ढोबळ गणित असं देतात : तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या सुमारे २० टक्के, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. वरून सगळं ठीक दिसत असताना आतली दुरुस्ती चालूच असते.

२. सल्ल्यामुळेही दिवस बदलतात

१९९६ मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात कॅरॅजी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कंबरेच्या मणक्यातल्या चकतीचं ऑपरेशन झालेल्या ५० रुग्णांना त्यांनी नेहमीची बंधनं घातलीच नाहीत, जमेल तसं कामाला लागा म्हणाले. रुग्ण सरासरी दोन आठवड्यांच्या आत कामावर परतले. म्हणजे आधीच्या काळात लागणारे कित्येक आठवडे काही प्रमाणात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरत असावेत. पण थांबा! या अभ्यासात तुलना गट नव्हता. त्यामुळे 'बंधनं काढल्यामुळेच लवकर परतले' असं ठामपणे म्हणता येत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर हा मुद्दा सोडू नका.

३. परतणं ही कधी निवड असते, कधी नाइलाज

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे अध्यक्ष असलेल्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे सुमारे १७ टक्के.

गर्भाशय काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असं सांगतात. इथे तर काम म्हणजे दिवसभर वाकून कोयता चालवणं आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणं. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशी बाई वीस दिवसांत फडात उभी राहिली, तर आपल्या तक्त्यात ती 'लवकर बरी झालेली' दिसेल. उलट, पगारी रजा मिळणारी कर्मचारी दोन महिने घरी राहिली, तर ती 'उशिरा बरी झालेली' ठरेल. आकडे दोन्ही खरे, निष्कर्ष मात्र उलटा!

रजेचे नियमही इथे मध्ये येतात. राज्य कामगार विमा योजनेत बसणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. शेतमजूर बाई त्या योजनेत येतच नाही. आणि गृहिणी? तिला 'रुजू होण्याची तारीख' नसते, त्यामुळे कित्येकदा ती नमुन्यातूनच गळते.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

- 'काम' या शब्दाची कार्यात्मक व्याख्या द्या. बसून, उभ्याने, वजन उचलून, पगारी, बिनपगारी हे सगळं वेगळं नोंदवा. घरकामही नोंदवा.
- तारखेसोबत क्षमता विचारा : पूर्ण वेळ की अर्धा, पूर्वीचंच काम की हलकं, कुणाची मदत लागते का. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची आयसीएफ ही चौकट इथे उपयोगी पडते. ती शरीर, कृती आणि सहभाग वेगवेगळे पाहते.
- 'का परतलात?' हा एक प्रश्न ठेवाच. बरं वाटलं म्हणून, रजा संपली म्हणून, की पैसे संपले म्हणून?
- न परतलेल्यांना वगळू नका. समजा, १०० जणांना तीन महिने पाहिलं आणि ७० परतले. फक्त त्या ७० जणांची सरासरी काढली, तर चित्र उगाच चांगलं दिसतं. उरलेल्या ३० जणांबद्दल 'किमान तीन महिने लागले' एवढी माहिती आपल्याकडे आहे. तिला सेन्सॉर्ड माहिती म्हणतात. त्यासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस शिकून घ्या.

माझ्या कार्डावरची ओळ चुकीची नव्हती, अपुरी होती. 'कोणत्या कामावर?' एवढेच दोन शब्द त्यात कमी होते. तुमच्या प्रश्नावलीतले असे राहून गेलेले शब्द शोधायचे असतील, तर ती आधी एखाद्या वाकून काम करणाऱ्या बाईला वाचून दाखवा. मार्गदर्शकांकडे नंतर जा.