गाव तेच, नावे चार

महाविद्यालयातील एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी कागदांची जुनी पिशवी घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. एका अर्जासोबत त्याला घराण्याच्या वास्तव्याचा पुरावा जोडावयाचा होता. पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर गावाचे नाव पोर्तुगीज वळणाने ‘बसईं’ असे होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी ‘बॅसीन’ होते. वडिलांच्या कागदावर ‘वसई, जिल्हा ठाणे’ आणि त्याच्या स्वतःच्या कागदावर ‘वसई, जिल्हा पालघर’. ही सारी ठिकाणे एकच असल्याचा लेखी पुरावा त्याच्याकडे मागण्यात आला होता. “सर, आमचं घर कुठंच गेलेलं नाही, गावच चार वेळा बदललं,” असे तो म्हणाला, ते हसून, पण त्या हसण्यात तीन खेपांचा शीण होता.

वास्तविक गावही बदलले नव्हते. नाव उच्चारणारी तोंडे आणि ते लिहिणारे हात तेवढे बदलले होते. जे गावाच्या नावाचे, तेच देशाच्या नावाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेच्या वेळी राष्ट्रपतींच्या मेजवानीच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर ‘इंडिया’ऐवजी ‘भारत’ हा शब्द छापला गेला आणि देशाचे खरे नाव कोणते, हा जुना वाद पुन्हा पेटला. दोन्ही बाजूंनी आवेशाने लिहिले-बोलले गेले. पण देशाला एकच खरे नाव असते आणि उरलेली सारी खोटी किंवा लादलेली असतात, हे गृहीतक दोन्ही बाजूंना समानच होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या वादात पडण्याचे कारण एवढेच, की नाव हेही एक प्रकारचे चलन आहे. नाणे टाकसाळीत पाडता येते. ते चालते की नाही, हे बाजार ठरवतो.

टाकसाळ आणि बाजार

याचा दाखला वसईतच आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी ‘व’चा ‘ब’ केला, शेवटचा स्वर नाकात उच्चारला आणि लिहिताना त्या अनुनासिकासाठी रोमन लिपीतील ‘एम’ हे अक्षर वापरले. पुढे इंग्रज आले. त्यांना तो अनुनासिक स्वर कोठून साधणार? त्यांनी त्याचा सरळ ‘न’ केला आणि ‘बॅसीन’ तयार झाले. बाजीराव दुसरा आणि इंग्रज यांच्यात १८०२ च्या ३१ डिसेंबरला झालेला तह म्हणूनच इंग्रजी इतिहासात ‘बॅसीनचा तह’ आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकात ‘वसईचा तह’. मुंबईची कथा फारशी वेगळी नाही. पोर्तुगीजांच्या लेखी तिचे ‘बोंबाईं’ झाले, इंग्रजांनी त्याचे ‘बॉम्बे’ केले, आणि १९९५ मध्ये सरकारी इंग्रजीतही ‘मुंबई’ आले.

पण याच इतिहासात आणखी एक नाव आहे, आणि ते फारसे कोणाला आठवत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर मराठी राजवटीत तिला ‘बाजीपूर’ असे नाव देण्यात आले. विजय आपला, राज्य आपले, नावही आपल्याच भाषेतले. तरीही ते चालले नाही. कोळ्यांनी, वाडवळांनी, आगऱ्यांनी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांनी आपली ‘वसई’ सोडली नाही. टाकसाळ स्वकीयांची होती, पण बाजाराने ते नाणे घेतले नाही. नाव टिकते ते सत्तेच्या बळावर नव्हे, रोजच्या वापराच्या बळावर, हा धडा परकीय आणि स्वकीय या दोन्ही राज्यकर्त्यांना सारखाच लागू आहे.

येथून काही मैलांवरच्या सोपाऱ्याची साक्ष याहून जुनी आहे. संस्कृत ग्रंथांतले ‘शूर्पारक’ पालीत ‘सुप्पारक’ झाले, ग्रीक नावाड्यांच्या वहीत ‘सुप्पारा’ झाले आणि अरबांच्या जिभेवर ‘सुबारा’. कारण अरबीत ‘प’ हा वर्ण नाही. या बंदराशी ज्यांचा व्यापार झाला, त्या प्रत्येकाने त्याचे नाव आपापल्या भाषेच्या मापाने मोजून नेले. यात सोपाऱ्याचा अपमान झाला असे कोणी म्हणणार नाही. उलट नावाची इतकी रूपे होणे, हा त्या बंदराच्या भरभराटीचाच पुरावा आहे. ज्या गावाशी कोणाचा व्यवहार नाही, त्याच्या नावाचा अपभ्रंश करण्याची तसदी तरी कोण घेईल?

आज्ञापत्रातील टोपीकर

आपल्या नावांचा इतरांनी केलेला अपभ्रंश आपल्याला चटकन दिसतो. इतरांच्या नावांचे आपण काय केले, ते दिसत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांच्या प्रकरणी टोपीकरांचा उल्लेख आहे. हे इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजसत्ता आहे, हा त्यातील इशारा प्रसिद्धच आहे. तेथे येणारी नावे पाहावीत: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ हे शब्द त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतले नाहीत. ‘इंग्लिश’ आणि ‘डच’ यांना पोर्तुगीज लोक ज्या नावांनी ओळखत, त्यांच्या वळणावर ते बेतलेले आहेत. ‘फिरंगी’ तर मुळात ‘फ्रँक’. अरबी-फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि कोकणात पोर्तुगीजांना चिकटला. म्हणजे इंग्रजांचे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि पोर्तुगीजांचे अरबांकडून. देशाचे नाव त्या देशाकडून नव्हे, तर त्याची बातमी प्रथम आणणाऱ्याकडून घेतले जाते, हा जगभरचाच रिवाज आहे.

हबशांचे उदाहरण तर आपल्या किनाऱ्यावरचेच आहे. आफ्रिकेतील ज्या देशाला युरोप ‘ॲबिसीनिया’ म्हणे, त्याचे अरबी नाव ‘हबश’. तेथून आलेले सिद्दी जंजिऱ्यावर सत्ताधारी झाले आणि त्यांच्या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ असे नाव पडले. समुद्रापलीकडच्या देशाचे नाव असे कोकणच्या भूगोलात येऊन बसले. ‘मोझांबिक’ची गंमत आणखी वेगळी. पोर्तुगीज जहाजांबरोबर ते नाव आले आणि फळाला चिकटून ‘मोसंबी’ झाले. बाजारात मोसंब्यांचा भाव करताना आपण आफ्रिकेतील एका देशाचे नाव घेत आहोत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

फुलपाड्याकडच्या रस्त्यांवर विलायती चिंचेची झाडे आढळतात. ‘विलायत’ या अरबी शब्दाचा अर्थ सत्ता, अंमल किंवा प्रांत. आपल्याकडे तो ‘इंग्लंड’ या अर्थी रूढ झाला आणि पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांनी तोच शब्द ‘ब्लायटी’ असा वाकवून आपल्या मायदेशासाठी वापरला. पण विलायती चिंच इंग्लंडमध्ये होत नाही. ते झाड मूळचे मेक्सिकोकडचे. इंग्रजीत तिला फिलिपाइन्सवरून ‘मनिला चिंच’ म्हणतात. वाटेतील प्रत्येक मुक्कामाने तिला आपापल्या समजुतीप्रमाणे माहेर बहाल केले आहे.

एक देश, तीन शब्द

एकाच देशाच्या नावाने मराठीला तीन वेगळे शब्द दिल्याचेही उदाहरण आहे. इराणातील ‘पार्स’ प्रांतावरून आपण तेथून प्रथम आलेल्यांना ‘पारशी’ म्हणतो. अरबीत ‘प’ नसल्याने पार्सचे ‘फार्स’ झाले आणि त्या रूपावरून आपल्याकडे भाषा आली ती ‘फारसी’. पुढे गेल्या दोनेक शतकांत जे आले आणि मुंबईच्या नाक्यांवर ज्यांनी चहाची दुकाने थाटली, ते ‘इराणी’. तेथील लोक आपल्या देशाला पूर्वापार ‘इराण’च म्हणत; १९३५ मध्ये त्यांच्या सरकारने परकीय राष्ट्रांनाही ‘पर्शिया’ऐवजी तेच नाव वापरण्याची विनंती केली. ती मानली गेली, आणि ते योग्यच झाले. पण म्हणून मराठीने ‘पारशी’ हा शब्द टाकून द्यावा असे कोणी सुचविले नाही. कारण त्या शब्दाला आता स्वतःचा संसार आहे.

आपल्या देशाच्या नावाचा प्रवासही असाच आहे. ‘सिंधु’ हे नदीचे नाव. प्राचीन इराणी भाषेत ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून दार्युशच्या शिलालेखांत सिंधूकाठच्या प्रांताचे नाव ‘ह’काराने सुरू होते. ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला, ‘इंदोस’ आणि त्यावरून ‘इंडिया’ झाले. अरबांनी ‘हिंद’ केले. सातव्या शतकात युआन श्वांग आला, तेव्हा चिनी भाषेत या देशाची अनेक नावे चालत होती. त्याने त्यांची छाननी करून ‘यिन्तु’ हा उच्चार योग्य ठरवला. मात्र या देशाचे लोक प्रदेशागणिक आपल्या देशाला वेगवेगळ्या नावांनी संबोधतात, अशी नोंदही त्याने केली. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे नाव त्याच्या ग्रंथात ‘मो-हो-ला-च’ असे उतरले आहे. ते वाचून आज आपल्याला हसू येते, राग येत नाही.

आपण स्वतः तरी एकच नाव कोठे वापरत होतो? अशोकाच्या लेखांत ‘जंबुद्वीप’ आहे, खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात ‘भरधवस’ म्हणजे भारतवर्ष आहे. १८ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत पहिल्या अनुच्छेदावर मतदान झाले, तेव्हा ‘भारत’ला अग्रस्थान देणारी हरि विष्णू कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली आणि ‘इंडिया, अर्थात भारत’ ही शब्दयोजना कायम झाली. त्या ‘अर्थात’मध्ये मोठे शहाणपण आहे. दोन नावांत भांडण न लावता घटनेने त्यांचा विनिमयदर ठरवून टाकला: एकास एक. वाचकांनी खिशातील नाणे काढून पाहावे. त्यावर ‘भारत’ आहे आणि ‘इंडिया’ही आहे, त्यामुळे नाण्याची किंमत कमी-जास्त होत नाही.

खर्च कोणाचा?

तर मग नावे बदलूच नयेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याला कोणत्या नावाने ओळखले जावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक समाजाला आहे. सिलोनचे १९७२ मध्ये श्रीलंका झाले, स्वाझीलंडचे २०१८ मध्ये एस्वातिनी, आणि २०२२ मध्ये तुर्कस्ताननेही संयुक्त राष्ट्रांत आपले नाव तुर्की वळणाने नोंदवून घेतले. सरकारी व्यवहारात या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. मात्र हा अधिकार दुसऱ्याच्या मातृभाषेपर्यंत पोहोचत नाही. जर्मन माणूस आपल्या देशाला ‘डॉइचलंड’ म्हणतो, हंगेरियन ‘मॉज्यॉरओर्साग’. आपण ‘जर्मनी’ आणि ‘हंगेरी’ म्हणतो म्हणून कोणी रुसत नाही. मग एखाद्या परक्याने ‘इंडिया’ म्हटले, तर आपणच का रुसावे?

खरा प्रश्न अस्मितेचा नसून खर्चाचा आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही. नाव बदलण्याचा निर्णय एक घेतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या प्रत्येक निर्णयाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. पण निर्णय झाल्यावर जुने कागद बाळगणाऱ्या लक्षावधी माणसांनी आपण तेच आहोत हे सिद्ध करीत का फिरावे? श्रीमंताला वकील मिळतो. बुडीत रोजाचा हिशेब गरिबालाच करावा लागतो. खिडकीमागच्या कारकुनालाही यात दोष देता येत नाही. दोन कागदांवरील दोन नावे एकच मानण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसेल, तर नियमाबाहेर जाऊन ती जोखीम त्याने तरी का पत्करावी?

यावर उपाय अवघड नाही, आणि तो घटनेच्या त्या ‘अर्थात’मध्येच आहे. नाव बदलणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत जुन्या-नव्या नावांची, त्यांच्या रोमन लिपीतील प्रचलित रूपांसह, एक अधिकृत यादी जोडली जावी. ती प्रत्येक कार्यालयात बंधनकारक असावी. आणि नावे एकच असल्याचे ताडून पाहण्याची जबाबदारी अर्जदारावर नव्हे, तर कार्यालयावर असावी. एवढे केले तर नावे खुशाल बदलोत. माणसांची फरफट होणार नाही.

त्या विद्यार्थ्याने अखेर प्रतिज्ञापत्र केले. ‘बसईं’, ‘बॅसीन’ आणि ‘वसई’ ही एकच जागा असल्याचे एकोणीस वर्षांच्या मुलाने शपथेवर सांगितले, तेव्हा कुठे ते मान्य झाले. प्रस्तुत लेखकाला मात्र घरी परतल्यावर स्वतःचीच काळजी वाटू लागली. ‘फुलपाडा’ हे किती साधे, मराठी नाव! पण रोमन लिपीत ते ‘एफ’नेही सुरू होते आणि ‘पीएच’नेही. घरातील विजेच्या बिलावर एक आहे आणि बँकेच्या पासबुकावर दुसरे. पन्नास वर्षांनी आपल्या नातवाला ही दोन गावे एकच असल्याची शपथ घ्यावी लागू नये, एवढीच अपेक्षा.