जीपचा जीर्णोद्धार

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. जुन्या कागदांची सवय आहे, जुन्या पत्र्याची नव्हती. २०१९च्या मे महिन्यात शेतावरच्या शेडमध्ये आमची जीप खरवडायला बसलो, तेव्हा हा उद्योग सुट्टीपुरता आहे अशी माझी समजूत होती. वरचा थर शेवाळी हिरवा. तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेला. त्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली राखाडी. आणि डाव्या बाजूच्या राखाडीत काळ्या रंगाची अर्धवट अक्षरं उमटली : ‘यत समि’. पुढचं-मागचं गंजाने खाल्लं होतं, पण ‘पंचायत समिती’ हे वाचायला पुराभिलेखतज्ज्ञ लागत नाही.

आबांनी ही जीप १९७८ साली सरकारी लिलावात घेतली, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. ती त्याआधी कोणाची होती, हे कोणी विचारलं नव्हतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १९६२ साली सुरू झाल्या, आणि आमच्या गाडीचा जन्म १९६६चा. म्हणजे नव्या पंचायत राज्यात गटविकास अधिकाऱ्याला घेऊन धुरळा उडवत गावोगाव फिरलेली ही गाडी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ग्रामीण महाराष्ट्राने सरकार पाहिलं ते बहुधा असंच, जीपमधून उतरताना.

आता हिला ‘मूळ रूपात’ आणायचं ठरलं, तर ते मूळ कुठलं? या एका प्रश्नाने माझी तीन वर्षं आणि बरेच पैसे खाल्ले. हा लेख त्या खर्चाचा हिशेब आहे असं समजा.

मुळाशी जायचं तर अमेरिकेत जावं लागतं. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली : चारही चाकांना ताकद देणारी हलकी टेहळणी गाडी हवी, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी, बुडत आलेली कंपनी. तिच्यासाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण मोठ्या संख्येने गाड्या बनवणं बँटमच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यामुळे आराखड्याचा लाभ झाला विलीज आणि फोर्ड यांना. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. म्हणजे पहिल्याच पिढीत ‘मूळ जीप कोणाची’ हा वाद आहे. तो मला एका अर्थी धीर देणारा वाटला.

आपल्याकडे ती आली मुंबईच्या माझगावातून. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र झाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. इकडे कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू भागही इथेच बनू लागले. (जाता जाता : स्वतंत्र भारतातलं संरक्षण-खरेदीचं पहिलं गाजलेलं प्रकरणही जीपचंच, तेही जुन्या, दुरुस्त करून मिळणाऱ्या जीपांचं. १९४८च्या त्या व्यवहारावरून कृष्ण मेनन यांच्यावर टीकेची झोड उठली आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. जुनी जीप घेणाऱ्याला मनस्ताप होतो, ही परंपरा अशी थेट वरून आलेली आहे.)

आमची जीप ‘सीजे-३बी’ जातीची. ही ओळखायला सोपी : बॉनेट उंच, चेहरा लांबोडका. रूपाचे शौकीन तिला नाकं मुरडतात, पण त्या उंचीला कारण आहे. युद्धातल्या जीपच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये बसवलेले असत. पुढे विलीजने ‘हरिकेन’ नावाचं इंजिन काढलं. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेला, बाहेर सोडणारा शेजारीच ठेवला. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, ताकद ६० हॉर्सपॉवरवरून सत्तरच्या घरात गेली. पण इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ साली बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे ते त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिलं.

आणि आमच्या गाडीत ते इंजिनच नव्हतं. उंच बॉनेट ज्याच्यासाठी, तेच गायब. १९८१ साली आबांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं.

हे तेव्हा घरोघरी चाललेलं होतं. १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलची जीप पाळणं म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं. ज्यांना शक्य होतं त्यांनी इंजिनं बदलली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर लेथ, फाउंड्री, बोअरिंग सगळं एका हाकेवर. आबांनी जे बसवलं ते इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या कुळातलं, साधारण २३५० सीसीचं इंजिन. आरटीओत जाऊन रीतसर नोंदही करून घेतली. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून वर ‘डिझेल’ लिहिलंय, शेजारी सही-शिक्का.

या बदलाचा अर्थ मला गणित मांडल्यावर कळला. जीपच्या मागच्या जोडातलं दातांचं प्रमाण ५.३८, म्हणजे इंजिनाचे ५.३८ फेरे तेव्हा चाकाचा एक. शेवटच्या गिअरमध्ये मध्ये दुसरी घट नाही. टायरचा परीघ सव्वादोन मीटर धरा. पेट्रोलचं इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जातं : ताशी शंभर किलोमीटर, निदान कागदावर. ट्रॅक्टरचं इंजिन २००० फेऱ्यांशी धापा टाकू लागतं : ताशी पन्नास. लहानपणी आम्हाला सायकलवाले सोडून सगळे ओलांडून जायचे, त्याचं उत्तर चाळीस वर्षांनी मिळालं. पण उलट बाजूही पाहा. ‘लो’मध्ये पहिला गिअर टाकला की एकूण घट ३७ पट होते. इंजिन हजार फेऱ्यांवर सावकाश धडधडत असताना जीप ताशी साडेतीन किलोमीटरने, म्हणजे चालत्या माणसाच्या बरोबरीने, उसाच्या ओल्या सरीतून निघते. आबांना शंभरचा वेग नको होता. त्यांना कारखान्याच्या हंगामात चिखलातून बाहेर यायचं होतं.

कामाला हात घातला तो मात्र इंजिनाला नव्हे, पत्र्याला. मिस्त्री पंचाहत्तरीचे, जीपवरच हयात गेलेली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फरशीवर टोचायला सुरुवात केली. चौथ्या टोच्याला तो मुठीपर्यंत आत गेला. “सर, ह्यो पत्रा न्हवं, ही लांबी हाय,” ते म्हणाले. कोणीतरी कधीतरी भोकं लांबीने बुजवून वर रंग मारला होता. जीपच्या फरशीखाली आधाराला टोपीच्या आकाराच्या आडव्या पन्हळी असतात. युद्धातल्या जीपमध्ये त्यांत लाकडाच्या पट्ट्या घालत, त्या पाणी धरत आणि पत्रा आतून कुजे. आमच्या पन्हळीत लाकूड नव्हतं. तिथे पंचायत समितीपासूनची माती होती, त्यामुळे फळ तेच. उपाय एकच : निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा तुकडा जोडायचा. मिस्त्रींनी गंजकी बाजू कापली तेव्हा ती अक्षरंही जाणार होती. मी अडवलं. तेवढी हातभर जागा आतून पट्टी लावून वाचवली.

नव्याने या नादाला लागणाऱ्यांना एकच व्यावहारिक गोष्ट सांगतो. जुन्या जीपचं स्टेअरिंग चाळिसाच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर थडथडा हलू लागतं, पुढची चाकं अंगात आल्यासारखी नाचतात. पुष्कळ लोक त्यावर एक डँपर बसवून मोकळे होतात. तो ताप न तपासता गोळी घेण्याचा प्रकार झाला. मूळ दुखणं बहुतेक वेळा किंग पिनच्या बेअरिंगमधल्या ढिलाईत, नाहीतर टाय रॉडच्या टोकांत असतं. बेअरिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या कमी-जास्त करून ताण जुळवायचा आणि चाक वळवायला किती जोर लागतो ते ताणकाट्याने मोजायचं. मिस्त्रींनी त्यासाठी भाजीबाजारातला काटा आणला होता. माहितीपुस्तकातला आकडा त्यावर दोन संध्याकाळींत जुळला आणि थडथड थांबली, डँपरशिवाय.

नवं काही घालायचंच नाही, हा माझा पहिला बाणा होता. तो आंब्याच्या घाटात उतरला. २०२० च्या जानेवारीत, रंग व्हायच्या आधी, चाचणीसाठी मिस्त्री आणि मी साखरप्याकडे उतरत होतो. एका वळणापाशी पॅडल सरळ फळीला टेकलं. या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच नळीच्या संसारात असतं, त्यामुळे एका चाकातली रबरी वाटी फुटली की चारही जातात. गाडी ‘लो’मध्ये दुसऱ्या गिअरला होती म्हणून वेग माणसाच्या पळण्याएवढाच होता. हँडब्रेकची यंत्रणा वेगळी, ती चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, मुख्य दांड्यावर असते. मिस्त्रींनी माझ्या मांडीवरून हात घालून ती दांडी ओढली. आम्ही दगडी कठड्यापासून तीनेक हातांवर थांबलो. मिस्त्री पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, देवळाला बी वीजरोधक बशिवत्यात.”

त्यानंतर ब्रेक बदलले. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा, पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी. पुढे डिस्क, मागे जुने ड्रमच. डिस्क घेण्याचं एक कारण आमचा पाऊस : ओढ्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं आणि ते वाळेपर्यंत ब्रेक नावालाच असतात. यात एक खोच आहे. जीपचा मास्टर सिलिंडर फरशीखाली, डिस्कच्या पकडीपेक्षा खाली असतो. त्यामुळे तेल उताराने परत येतं आणि पहिल्यांदा पॅडल पोकळ जातं. नळीत दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह घालावा लागतो. आम्हाला हे दोनदा सगळं खोलल्यावर समजलं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि सीटबेल्ट, एवढं आणखी केलं. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

राहिलं इंजिन. हरिकेन इंजिन शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली चाळीस वर्षं पडून होतं. उद्यमनगरात नेलं, ब्लॉक शाबूत निघाला. बोअर करून, लायनर घालून ते चालू होण्याजोगं होतं. नेमक्या त्याच सुमाराला, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारचे विंटेज वाहनांचे नियम आले : पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, तर २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नंबर. जीपशौकीन मित्रांनी फोनवर फोन केले. पेट्रोलचं इंजिन परत बसव, गाडी विंटेज होईल, किंमत वाढेल.

मी आठवडाभर त्याच विचारात होतो. कायद्याची दोन्ही टोकं गमतीची आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल सांगतो की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. रस्त्यावर भलभलत्या वाढवलेल्या, कागद एकीचे आणि अंग दुसरीचं अशा जीपा पाहिल्या, की हे पटतं. हरयाणातल्या मंडी डबवालीचं नाव या धंद्यात का घेतलं जातं, हे शौकिनांना सांगायला नको. पण विंटेज नोंदणी घेतली की ती गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे मूळ रूप मिळवायचं आणि मूळ काम सोडायचं. आमची जीप १९६६ पासून एक दिवसही प्रदर्शनाची वस्तू नव्हती.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणतात तो वेगळा. देवळाचा सभामंडप एका काळचा, शिखर दुसऱ्या काळचं, दीपमाळ तिसऱ्याच कोणी बांधलेली असते, आणि पूजा थांबलेली नसते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी वर्गात सांगत आलो की नंतरची भर खरवडून टाकणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे, तो पुरावा नष्ट करणं आहे. १९८१चं इंजिन हा तेलटंचाईचा, उद्यमनगरचा आणि आमच्या घरच्या ओढगस्तीचा पुरावा आहे. ते काढायचं, तर मग हिरवा रंग का काढला, हेही मला कोणीतरी विचारलं पाहिजे.

आबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “पेट्रोलचं इंजिन लई गोड चालायचं रे. काढताना वाईट वाटलं हुतं.” मी म्हटलं, मग बसवू या? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि पेट्रोल कोण घालणार?”

डिझेल राहिलं. हरिकेन इंजिन आम्ही साफ करून, तेल लावून, फळीच्या पेटीत ठेवलंय. पेटीवर काय काढलं, कधी आणि का, ते खडूने नव्हे, रंगाने लिहिलंय. जीपला राखाडी रंग दिला, पण डाव्या बाजूची हातभर जागा सोडून. तिच्यावर नुसतं लॅकर मारलंय. पेट्रोलपंपावरची पोरं विचारतात, सर, एवढा रंग राहिला का? ‘यत समि’ म्हणजे काय, असंही एकाने विचारलं. मी सांगायला लागलो तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.