नाव शेवटच्या कडव्यात
(लेखमाला ‘तबकडीच्या दोन बाजू’ : भाग ९)

गेल्या आठवड्यात लाखेच्या तबकडीपाशी थांबलो होतो. दहा इंच रुंद, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत गाणं किती मावतं ते आपण पाहिलं. आज बघू, गाणारा किती मावतो.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी लॉरेटा लिन वाढली. १९७० साली तिचं ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं आलं आणि पुढे त्याच नावाचा अल्बमही निघाला. शब्द तिचेच आणि त्यातले आईबाप, घर, गरिबी हेही तिचंच. तिनं कडवी बरीच लिहिली होती. गाणं फार लांबतंय म्हणून निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी काही काढायला लावली. तिकडच्या कंट्री संगीतात गाणारा ‘हे माझं आहे’ असं पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, आणि ऐकणाराही त्याला त्याच मापानं मोजतो.

आपल्याकडचा शाहीर हे कधी करत नाही. तो दुसऱ्याचं गातो. आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक अफझलखानाच्या वधावरचा आहे. १६५९ साली खानाचा तळ वाईला पडला होता आणि शेवट झाला प्रतापगडाच्या पायथ्याशी. दोन्ही जागा आजच्या सातारा जिल्ह्यातल्या. पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊक नाही. निदान नाव तरी कळतं, कारण ते त्यानं पोवाड्यात गुंफून ठेवलं आहे. हीच नाममुद्रा. सगळी रात्र शिवाजीराजांची आणि शाहिराच्या वाट्याला चार अक्षरं. झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणून तीही उचलून धरली की कार्यक्रम संपला, डफ पिशवीत गेला.

पठ्ठे बापूरावांचं तर विशेषच. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. हे गाव वाळवा तालुक्यातलं. तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कुलकर्णीपण सोडून ब्राह्मणाचा हा मुलगा तमाशात शिरला, नर्तकी पवळाबरोबर फडावर उभा राहिला, गाजला आणि १९४५ साली पुण्यात हलाखीत गेला. एका आयुष्यात दहा अल्बम निघतील एवढा ऐवज! पण लावण्यांत बोलते ती बाई. तिचा रुसवा, तिचा साज, तिचा सखा. बापूराव त्यात शोधायचे कुठे? शेवटच्या कडव्यात, नाममुद्रेत. मला हा संकोच वाटत नाही, उलट मिजास वाटते. जात, घर, अब्रू सगळं पणाला लावलेला माणूस त्यातलं काही न सांगता फक्त सही करतो.

मग तबकडी आली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं, आणि गाणं संपता संपता ती आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगते. आज ऐकताना हसू येतं, पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळायला हवं, तरच मधल्या गोल कागदावर बरोबर नाव छापलं जाणार. म्हणजे नाममुद्रा गाण्याच्या शेवटाला होतीच. ती कवितेतून निघून लेबलावर गेली, इतकंच. आणि तिथे गेल्यावर तिचा मालक बदलला. कडव्यात रचणाऱ्याचं नाव असायचं, लेबलावर ठळक दिसू लागलं ते गाणाऱ्याचं. कवी आणि संगीतकार बारीक अक्षरात.

शाहीर साबळे हे या बदलाचं आपल्या भागातलं मोठं उदाहरण. वाईहून पाचगणीचा घाट चढायला लागलं की पायथ्याशी पसरणी लागते. कृष्णराव साबळ्यांचा जन्म तिथला, १९२३ चा. अमळनेरला असताना साने गुरुजींचा सहवास, पुढे स्वातंत्र्यलढा, संयुक्त महाराष्ट्र, मुक्तनाट्यं आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’. पण घराघरात त्यांचा आवाज पोचला तो दुसऱ्यांच्या शब्दांतून. ‘विंचू चावला’ हे एकनाथांचं भारूड. त्याच्या शेवटी नाव येतं जनार्दनांचं, म्हणजे नाथांच्या गुरूंचं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची. त्या गीतात कुणाचीच मुद्रा नाही. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं तेव्हा त्यातले दोनच चरण घेतले, अवधी १ मिनिट ४१ सेकंद. तबकडीच्या एका बाजूपेक्षाही कमी.

मग साबळ्यांचं स्वतःचं गाणं कोणतं? ते त्यांनी कागदावर लिहिलं. आत्मचरित्राचं नाव ठेवलं ‘माझा पवाडा’. जन्मभर दुसऱ्यांचे पोवाडे गाणाऱ्यानं ‘माझा’ हा शब्द निवडावा, यात थोडा खट्याळपणा आहे, आणि थोडी थकबाकीची वसुलीही. लॉरेटा लिनच्या गाण्याचं १९७६ मध्ये पुस्तक झालं आणि १९८० मध्ये चित्रपट, तिन्हींचं नाव एकच. साबळ्यांवरही नातू केदार शिंदे यांनी २०२३ मध्ये चित्रपट काढला. त्याचं नाव मात्र ‘महाराष्ट्र शाहीर’. घरच्या माणसांनीसुद्धा ‘माझा’ मागे ठेवला.

लहानपणी गावच्या जत्रेत लाउडस्पीकरवाल्याशेजारी बसून मी तबकड्या बघायचो. पिनांची डबी, फडकं, आणि ‘हात लावू नको’ हे दर दोन मिनिटांनी. लेबलावरचं नाव वाचायची भारी हौस, पण गाणं चालू असेतो लेबल गरगरत असायचं. लाल रंगाचा एक चट्टा, बाकी काही नाही. सुई शेवटच्या रेघेत जाऊन खरखरायला लागली, त्यानं हात उचलला आणि चकती थांबली, की मगच कळायचं इतका वेळ कोण गात होतं.

(पुढच्या आठवड्यात : कॅसेट)