पाझर तलाव भरला, सांडव्याला हात लावू नका



पावसाळा निम्म्यावर आला की आमच्या शेतकी खात्याकडे लागणीच्या नोंदींबरोबर आणखी एक विषय हमखास येतो. तलावाचा सांडवा वाहू लागला, पाणी फुकट चालले, वाळूची पोती रचून अडवू का ? आडसाली लागण नुकतीच झालेली असते, पुढचा उन्हाळा डोळ्यांपुढे असतो, त्यामुळे हा विचार मनात येणे साहजिक आहे. काही ठिकाणी तर विचारायलाही कोणी येत नाही, पोती आधीच पडलेली असतात. म्हणून या अंकात मातीच्या लहान बांधाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या भागातले पुष्कळसे पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामावर झाले. खडी फोडून आणि माती वाहून आपल्याच माणसांनी ते उभे केले. त्यांचे काम पाणी साठवून ठेवण्याचे नसून जिरवण्याचे आहे, हे मात्र आता बरेच जण विसरले. तळातून पाणी मुरमात उतरते, तिथून खडकाच्या भेगांतून हळूहळू खालच्या विहिरींना जाते. फेब्रुवारीत तलाव कोरडा दिसला म्हणजे तो वाया गेला असे नव्हे, त्याचे पाणी तुमच्या विहिरीत बसलेले असते. तलावातच मोटर टाकून उपसा केला तर एकाचा ऊस भिजतो आणि खालच्या दहा विहिरींचे झरे आटतात. गाळ साचला तरी तेच होते, तलाव भरलेला दिसतो पण विहिरीला पाझर नाही.

आता बांधाकडे वळू. वरून तो मातीचा साधा ढीग दिसतो, पण आत रचना असते. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण, ते गाभ्याला धरून ठेवते. गाभ्याखाली जमिनीत चर खणून तोही चिकण मातीने भरलेला असतो, म्हणजे बुडाखालून पाणी सुटू नये. आतल्या उतारावर लाटांचा मारा सोसायला दगडांचे अस्तर, बाहेरच्या पायथ्याशी मुरलेले पाणी माती न घेता बाहेर पडावे म्हणून दगडाची रास. आणि एका बाजूला, शक्यतो कठीण जमिनीत, बांधाच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेला सांडवा.

मातीचा बांध पाणी अंगाला लागल्याने फुटत नाही. तो फुटतो दोन कारणांनी. एक तर पाणी त्याच्या डोक्यावरून गेले, नाही तर त्याच्या पोटातून माती घेऊन बाहेर पडू लागले. दगडी भिंतीवरून पाणी गेले तरी ती बराच वेळ टिकते, मातीला ते जमत नाही. गुजरातेत मोरबीजवळ मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे ११ ऑगस्ट १९७९ रोजी हेच झाले. सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आले, मधला दगडी भाग उभा राहिला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले. ते धरण मोठे होते, पण मातीचा स्वभाव लहान बांधातही तोच.

पोत्यांचा हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, सांडवा २० मीटर रुंद आहे आणि बांधाचा माथा सांडव्यापासून दीड मीटर वर आहे. पाणी माथ्याला टेकेपर्यंत असा सांडवा सेकंदाला सुमारे ६२ घनमीटर पाणी बाहेर टाकू शकतो. आता त्यावर अर्धा मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन फूट, पोती रचली. पाण्याला वर जायला एकच मीटर उरले. कोणी म्हणेल, तिसरा हिस्सा कमी झाला. तसे नाही. सांडव्यावरून जाणारे पाणी उंचीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून वेगाने घटते. तोच सांडवा आता सेकंदाला जेमतेम ३४ घनमीटर पाणी सोडील. म्हणजे दोन पोत्यांच्या थराने ताकद जवळजवळ निम्म्यावर आली. ढगफुटीसारख्या पावसात उरलेले पाणी जाणार कुठे ? बांधाच्या माथ्यावरून.

आणि एवढे करून मिळते काय ? तलावाचा पसारा दहा एकर धरला, तर अर्ध्या मीटरने सुमारे दोन कोटी लिटर पाणी वाढते. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण पाटपाण्याच्या सुरू उसाला पावसासह हेक्टरी सुमारे २५० सेंटीमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर पाणी लागते. त्यातून उन्हाने उडेल ते वेगळेच. म्हणजे अडीच एकर उसाचीसुद्धा पुरती सोय होत नाही, आणि त्यासाठी खालची वस्ती, विहिरी, मोटारी, सगळे शिवार पणाला लागते. तेवढे पाणी तर चार एकर पाटपाण्याचा ऊस ठिबकवर नेला तरी वाचेल.

सांडव्याच्या पुढचा नाला हाही सांडव्याचाच भाग आहे. वर्षानुवर्षे पाणी आले नाही की तो नाला सपाट करून त्यात ऊस लावलेला आढळून येतो. बारा फुटी ऊस उभा असला की पाणी तुंबते, ते मागे चढते किंवा कडेने बांधाचा पायथा खात जाते. अशा जागेवर लागण करू नये, आणि केली असेल तर खोडव्याची आशा धरू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात तलाव काठोकाठ असतो आणि नेमक्या त्याच वेळी तोडणीच्या टोळ्या उतरू लागतात. सपाट आणि पाण्याजवळची जागा म्हणून कोप्या त्या नाल्यातच पडतात. टोळी लांबून आलेली, तिला तलाव वर आहे हे माहीतही नसते. कोप्यांची जागा दाखवताना सभासदांनी आणि आमच्या गटाच्या माणसांनीही हे बघायचे आहे.

दुसरे कारण पोटातल्या पाझराचे. बाहेरच्या पायथ्याशी थोडे पाणी सुटते, त्याने घाबरायचे कारण नाही. पाणी नितळ असेल आणि तेवढेच राहत असेल तर बांध आपले काम करतो आहे. पण तेच पाणी गढूळ झाले, किंवा तलावाची पातळी तीच असताना वाढू लागले, तर आतली माती वाहून येत आहे असे समजावे. काचेच्या ग्लासात धरून ठेवा, तळाला माती बसली तर समजले. यासाठी पायथ्याच्या बाहेर दहा-बारा फूट पट्टा मोकळा ठेवावा. पायथ्यापर्यंत ऊस नेला तर पाझर दिसणारच नाही.

अशी वाट पाण्याला कोण करून देते ? घुशी, उंदीर, खेकडे करतात. बांधावर वाढलेल्या वेड्या बाभळी करतात, कारण झाड मेले की मूळ कुजते आणि पोकळी राहते. कोरड्या सालात काळी माती फाटते, तेव्हा दुष्काळानंतरचा पहिला भरणा सर्वांत जोखमीचा. बांधाच्या लांबीच्या भेगेपेक्षा बांध आडवा कापणारी भेग जास्त वाईट, ती आतून बाहेर थेट वाट देते. आणि माणूस करतो तो उद्योग म्हणजे बांध फोडून पाईप घालणे. पाईपाच्या अंगाला माती कधीच घट्ट बसत नाही, पाणी त्याच्या कडेकडेने पळते. पुण्याजवळचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्याचे दुखणेही बांधाखालून पाणी सोडण्याच्या अपुऱ्या राहिलेल्या मोरीपाशी सुरू झाले. तिच्यावरची माती खचली आणि पाण्याला वाट मिळाली.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर खेकड्यांचे नाव पुष्कळ गाजले. खेकडा काही एका रात्रीत धरण पोखरत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

सन २०२१ मध्ये केंद्राचा धरण सुरक्षा कायदा झाला. त्यात १५ मीटरहून उंच धरणे येतात, आणि १० ते १५ मीटरची काही ठराविक अटींत बसणारी. आपल्या शिवारातले बहुतेक पाझर तलाव त्याहून बुटके आहेत. त्यांच्यावर रोज नजर ठेवील असा माणूस शेजारचा शेतकरीच.

उन्हाळ्यात करण्याची कामे फार नाहीत. बिळे खणून मोकळी करावीत, ओलसर चिकण मातीने थराथराने भरून धुमसाने ठोकावीत. झुडपे कोवळी असतानाच काढावीत. मोठे झाड मात्र मुळासकट उपटू नये, आधी अभियंत्याला दाखवावे. गाळ नेणाऱ्यांनी बांधाच्या आतल्या पायथ्यापासून चांगले दूर राहावे. जेसीबीने तिथे खड्डा पाडला तर खालचा मुरूम उघडा पडतो आणि बांधाखालून वाट होते. तलाव कोणाच्या ताब्यात आहे, जिल्हा परिषदेच्या की मृद व जलसंधारण विभागाच्या, हे ग्रामपंचायतीत आजच विचारून ठेवावे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

पावसात गढूळ पाणी दिसलेच, तर बाहेरून माती टाकून भोक बुजवू नये. पाणी कोंडते आणि शेजारून फुटते. तिथे आधी वाळू, वर खडी, त्यावर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. सांडव्यातली अडगळ ताबडतोब काढावी, खालच्या वस्तीला उठवावे, ग्रामपंचायत आणि तहसील कचेरीला कळवावे. आमच्या गट कार्यालयातही कळवा. रात्र असली तर चिटबॉयला उठवा, ट्रॅक्टर-ट्रॉली, खडी आणि माणसे गोळा करणे त्याला जमते.