तुरट रसाची काळी रेघ

समशीतोष्ण देशांतील पानगळ हा शाई करणाऱ्यांच्या सुगीचा काळ असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरातील पहिल्या कडक थंडीपर्यंत अक्रोडाची साले, ओकच्या बोंडांच्या टोप्या, ओकच्याच फांद्यांवर धरलेल्या गाठी आणि काळे पाणी होऊन वितळणारी भूछत्रे एकदम हाताशी येतात, आणि जो चित्रकार दुकानातली बाटली बाजूला ठेवून स्वतःची शाई करू पाहतो त्याचे हे दोन महिने वेचण्यात, उकळण्यात आणि गाळण्यातच जातात. रेखाटनाची पाळी त्यानंतर येते. कॅनडातील जेसन लोगन यांनी 2014 साली ‘टोरांटो इंक कंपनी’ सुरू करून या जुन्या उद्योगाला नव्याने वाचक आणि गिऱ्हाईक मिळवून दिले. त्यांचे ‘मेक इंक’ हे पुस्तक 2018 मध्ये आले आणि ब्रायन जॉन्सन यांनी त्यांच्या कामावर केलेला ‘द कलर ऑफ इंक’ हा माहितीपट 2022 मध्ये. लोगन यांची वेचणी घनदाट अरण्यात होत नाही, ती शहरातल्या गल्ल्यांत आणि पडीक जागांत होते, आणि त्यांच्या पिशवीत बोंडांच्या शेजारी गंजके खिळेही असतात, ही बाब या विषयावरच्या हळव्या लेखनात सहसा मागे पडते. नव्या आवडीमागे ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ अशी एक समजूत असते. शाईचा इतिहास ती पार खोडून काढतो, कारण युरोपने हजाराहून अधिक वर्षे वापरलेली सर्वांत महत्त्वाची शाई झाडापासूनच होत होती आणि ज्या कागदावर ती बसली तो कागदच ती खात होती.

सुरुवात मात्र सोप्या शाईपासून करावी. उत्तर अमेरिकेतील काळा अक्रोड पिकून खाली पडतो तेव्हा त्याच्यावर हिरवी, मांसल साल असते आणि फळ हातात मावेल अशा चेंडूएवढे दिसते. साल नखाने खरवडली की आतला पांढुरका गर हवेने पिवळा, मग तपकिरी आणि दोन-तीन दिवसांत काळाठिक्कर होतो. ही काळी पडलेली साले पाण्यात भिजवून मंद आचेवर काढा आटवायचा, फडक्यातून दोनदा गाळायचा, त्यात थोडा डिंक विरघळवायचा म्हणजे रस कागदावर पसरून फुटत नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून बाटलीत एखादी लवंग टाकायची, एवढीच कृती. सालीतील जुग्लोन या द्रव्याने बोटे रंगली की ती साबणाला दाद देत नाहीत. काश्मीरमध्ये अक्रोड सोलणाऱ्यांचे हात याच दिवसांत काळे होतात. मेंदीच्या पानातील लॉसोन हे या जुग्लोनचे सख्खे भावंड आहे, कारण दोन्ही रेणूंत अणू तेच आणि तितकेच असतात, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जागा बदलून बसलेली असते. बाजारात ‘अक्रोडाची शाई’ म्हणून मिळणारे तपकिरी खडे पुष्कळदा अक्रोडाचे नसतातच. ते कुजलेल्या वनस्पतींच्या मातीतून किंवा तपकिरी कोळशातून काढलेले असतात, आणि घरी शाई करणाऱ्याच्या खटाटोपाला या एका गोष्टीने पुरेसे समर्थन मिळते.

भूछत्रांची शाई याहून विलक्षण आहे. कोप्रिनस प्रजातीतील पांढरे, खवलेदार भूछत्र गवतात उगवते आणि बीजाणू पिकले की स्वतःच्याच पाचकरसांनी छत्रीच्या कडेपासून विरघळू लागते. सकाळी परडीत ठेवलेले भूछत्र दुसऱ्या दिवशी काळ्या थारोळ्यात सापडते. हा काळेपणा कोट्यवधी सूक्ष्म बीजाणूंचा असतो, त्यामुळे या शाईने काढलेली रेघ म्हणजे बीजाणूंचीच रांग.

खरा विषय ओकच्या गाठींचा. गांधीलमाशीच्या जातकुळीतला एक चिमुकला कीटक ओकच्या कळीत अंडे घालतो, त्या चेतनेने झाड अळीभोवती गोटीसारखी गाठ वाढवते आणि त्या गाठीत टॅनिन साठते. टॅनिन म्हणजे वनस्पतीतील तुरट द्रव्यांचा गट. ते प्रथिनांना घट्ट बांधून ठेवते, म्हणून कातडे कमावायला उपयोगी पडते आणि कच्चे केळे खाल्ल्यावर जिभेला चरचरीत कोरडेपणा आणते. जाणकार वेचणारा छिद्र न पडलेली गाठ पसंत करतो, कारण कीटक बाहेर पडून गेलेल्या गाठीत टॅनिनचा ऐवज कमी उरतो. सीरियातील अलेप्पो शहराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाठी सर्वांत कसदार मानल्या जात, कारण त्यांच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग टॅनिनचा भरू शकतो. अशा गाठी देणारा हा कीटक इंग्लंडात मुळात नव्हता, आणि तिथल्या रंगारी व शाईवाल्यांसाठी त्याची एक जात 1830 च्या सुमारास डेव्हन परगण्यात मुद्दाम आणली गेली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गाठ अनोळखी वाटायचे कारण नाही. तिलाच आपण मायफळ म्हणतो, आणि बाळगुटीत हिरडा-वेखंडाच्या जोडीने सहाणेवर ज्याचे वळसे दिले जातात ते हेच. आयुर्वेदात तुरट चवीला कषाय रस म्हणतात आणि संन्याशाच्या तांबूस वस्त्राला काषाय. चव आणि रंग यांचे हे नाते भाषेने रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी हेरले होते.

मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे हिरवट स्फटिकी सल्फेट, टाकले की शाई होते, पण ती लगेच काळी होत नाही. ताजी शाई फिकट असते, टाकाने काढलेली रेघ करड्या पाण्यासारखी दिसते आणि ती कागदाच्या तंतूंत झिरपते. मग हवेतील ऑक्सिजन लोहाची अवस्था बदलतो, न विरघळणारे काळे संयुग तंतूंच्या आतच तयार होते आणि रेघ पाहता पाहता गडद होत जाते. खरवडून वा धुऊन ती सहजी निघत नाही, म्हणून करार, वंशावळी आणि दप्तरे याच शाईत लिहिली गेली. लेओनार्दोच्या वह्या आणि बाखची स्वरलेखनेही हिच्यातच आहेत. मात्र याच प्रक्रियेत गंधकाम्ल मोकळे होते, आणि काढ्यातील टॅनिनला पुरून उरलेले लोह कागदाच्या तंतूंची झीज वेगाने घडवून आणते. परिणामी जिथे रेषा दाट पडल्या तिथे कागद आधी तपकिरी होतो, मग तडकतो आणि शेवटी रेषेच्या आकाराचे भोक उरते. बाखच्या काही हस्तलिखितांत स्वरचिन्हांची डोकी अशीच गळून पडली आहेत.

या शाईचा काळा रंग काळाबरोबर तपकिरी होतो. त्यामुळे संग्रहालयांच्या पाट्यांवर जुन्या रेखाटनांखाली ‘तपकिरी शाई’ असे छापलेले असते तेव्हा ते बहुधा आजच्या रंगाचे वर्णन असते, चित्रकाराने निवडलेल्या रंगाचे नव्हे. पाहणाऱ्याला मात्र तो उबदार तपकिरी रंग जुन्या चित्रकारांची अभिरुची वाटतो. 1888 साली आर्ल येथे व्हॅन गॉगने तिथल्या बोरूंच्या लेखण्या तासून जी रेखाटने केली, त्यांपैकी अनेकांत आज दिसणारा तपकिरी सूर असाच मागाहून आलेला आहे. त्याच्या काही चित्रांत जांभळी ॲनिलीन शाई होती आणि तीही उडाली. ॲनिलीन तर प्रयोगशाळेत जन्मलेले द्रव्य, तेव्हा टिकाऊपणाचा संबंध रान की कारखाना या भेदाशी लावणे फसवे ठरते.

भारतात हाच संयोग कापडावर घडला. आंध्रातील श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत कापड आधी हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात बुडवून वाळवतात, आणि लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे आंबवून केलेला रस बांबूच्या कलमाने त्यावर ओढतात. हिरड्यातील टॅनिन लोहाला भेटताच रेघ काळी उमटते आणि दुधाच्या स्निग्धतेमुळे ती फुटत नाही. म्हणजे युरोपने दौतीत केलेला संयोग इथे कापडावरच होतो. दुष्परिणाम मात्र दोन्हीकडे सारखा, कारण जुन्या चितारलेल्या कापडांत लाल-निळे शाबूत असताना काळ्या रेषांचे सूत तेवढे विरून गेलेले आढळते. आपल्याकडच्या मोडी दप्तरांचा मार्ग वेगळा होता. तिथे दिव्याच्या काजळीत डिंक खलून केलेली शाई बोरूने लिहीत आणि ओल्या अक्षरांवर वाळू टाकून ती टिपून घेत. कार्बन ना उडतो ना कागद खातो, फक्त पाण्यापुढे त्याचे चालत नाही. सह्याद्रीत हिरड्याला तोटा नाही, पण जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी बाळहिरडा वेचतात तो उन्हाळ्यात, म्हणजे पानगळीची शाई हा हंगामही आपला नव्हे.

आज घरी शाई करणाऱ्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे. मायफळ वजनाने हिराकसाच्या साधारण तिप्पट घेतले तर मोकळे लोह कमी उरते. हात सैल सोडून हिराकस टाकले तर पहिल्या दिवशी रेघ जास्त काळी दिसते आणि तिची किंमत कागद फेडतो. रानफळांच्या जांभळ्या-गुलाबी रसांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही; लिंबाने ते तांबडे होतात, सोड्याने हिरवट, आणि उजेडात विटून जातात. संग्रहालयांतील जतनकार जुन्या रेखाटनांची परीक्षा एका साध्या पट्टीने घेतात. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली ही पट्टी किंचित ओली करून रेघेवर दाबली की मोकळे लोह असल्यास ती गुलाबी-किरमिजी होते, आणि मग चित्राला कॅल्शियम फायटेटच्या पाण्यात सोडतात, जे त्या लोहाला बांधून टाकते. फायटेट येते धान्याच्या कोंड्यातून.