दूरच्या शेतजमिनीचे व्यवस्थापन : फुलंब्री तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

शेतकऱ्याचे घर आणि शेत एकाच शिवारात असते, असे गृहीत धरून महाराष्ट्रातील महसूल व्यवस्था, शेतीविषयक कायदे आणि शासकीय योजना यांची बरीचशी रचना झालेली आहे. प्रत्यक्षात मात्र हे चित्र वेगाने बदलत आहे. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी वहिती क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरपर्यंत खाली आले. वाटण्या होत गेल्या, नोकरी-व्यवसायासाठी कुटुंबे शहरात गेली, आणि अनेक खातेदारांच्या वाट्याला राहत्या गावापासून दूर असलेला जमिनीचा तुकडा आला. अशा जमिनीचे व्यवस्थापन ही आज एक स्वतंत्र समस्या बनली आहे.

फुलंब्री तालुका छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या उत्तरेस, अजिंठा-जळगावकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. शहर तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे शहरात राहून गावची शेती सांभाळणे येथे शक्य वाटते, आणि म्हणूनच त्यातील अडचणीही येथे स्पष्टपणे दिसतात. प्रस्तुत लेखात या व्यवस्थापनाचे स्वरूप, त्यातील प्रचलित पद्धती आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. घरापासून दूर असलेल्या शेतजमिनीची कारणे स्पष्ट करणे.
२. अशी जमीन कसण्याच्या प्रचलित पद्धतींचा तौलनिक विचार करणे.
३. पीकनिवड, नोंदी आणि कायदा यांच्या दृष्टीने आवश्यक बाबी मांडणे.

दूरच्या जमिनीची कारणे :

दूरच्या जमिनीचे पहिले कारण वारसा हे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्र शासनाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली. त्यामुळे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. ज्या मुलींनी हक्कसोड पत्र करून दिले नाही, त्यांच्या नावावर माहेरच्या गावी जमीन आहे. वडोद बाजार किंवा पीरबावडा येथील माहेरची जमीन सिल्लोड किंवा कन्नड तालुक्यात नांदणाऱ्या मुलीच्या नावे असल्यास ती तिच्या दृष्टीने दूरचीच जमीन होय. बहुधा ती भावाच्या वहिवाटीत राहते आणि उत्पन्नाचा हिशेब होत नाही. नात्यात कागद कशाला, या भावनेमुळे कायद्याने मिळालेला हक्क व्यवहारात मात्र अपुरा राहतो.

दुसरे कारण स्थलांतराचे आहे. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी, तसेच शिक्षण व सेवाक्षेत्राने ग्रामीण कुटुंबांना शहराकडे आणले. जमीन मात्र गावीच राहिली. तिसरे कारण खरेदीचे आहे. एका गावची जमीन विकून अथवा भूसंपादनाचा मोबदला मिळाल्यावर दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतली जाते. अशा वेळी महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ लक्षात ठेवावा लागतो. कुटुंबाची राज्यातील सर्व जमीन एकत्र मोजली जाते. कोरडवाहू जमिनीसाठी ही मर्यादा ५४ एकर, तर बारमाही सिंचनाच्या जमिनीसाठी १८ एकर आहे.

हजेरीचा प्रश्न :

दूरच्या शेतीची अडचण सामान्यतः अंतराच्या भाषेत सांगितली जाते. तथापि किती किलोमीटर अंतर आहे, यापेक्षा कोणत्या कामासाठी कोणाची, केव्हा आणि किती वेळ हजेरी लागते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ही हजेरी तीन प्रकारची असते : पिकाजवळची, कागदावरची आणि शिवारातली. शहरात राहणारा मालक बहुधा पहिल्या प्रकाराचाच विचार करतो. नुकसान मात्र इतर दोन प्रकारांत अधिक होते आणि ते भरून निघण्यासही अवघड असते.

जमीन कसण्याच्या प्रचलित पद्धती :

अ) सालगडी : गुढीपाडव्यापासून पुढील पाडव्यापर्यंत ठरावीक रक्कम, धान्य व इतर सोयी देऊन गडी ठेवण्याची ही जुनी पद्धत आहे. पीक, खत आणि विक्री यांचे निर्णय मालकाकडे राहतात. मात्र वर्षभराची मजुरी लहान क्षेत्राला परवडत नाही. शिवाय निर्णय घेणारा दूर आणि काम करणारा शेतात, अशी विभागणी होत असल्याने फवारणी किंवा पाणी देण्यास एक-दोन दिवसांचा उशीर सहज होतो.

आ) बटई : निमवटाईत सामान्यतः बियाणे, खते व औषधांचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत बटईदाराची आणि माल निम्मा-निम्मा, असे ठरते. पाण्याची सोय आणि जमिनीचा पोत यांनुसार हे प्रमाण बदलते. जोखीम वाटली जाते, हा या पद्धतीचा मोठा गुण. तिच्या दोषाकडे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लक्ष वेधले होते. वाढीव मेहनतीचे पूर्ण फळ न मिळाल्यास कसणारा ती मेहनत कमी करतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. फुलंब्रीच्या संदर्भात सांगायचे तर एक वर्षाच्या बोलीवर जमीन घेणारा बटईदार शेणखत टाकण्यास किंवा बांधबंदिस्ती करण्यास उत्सुक नसतो. शेणखताचा परिणाम पुढील दोन-तीन हंगाम टिकतो आणि पुढील वर्षी जमीन आपल्याकडे असेलच, याची त्याला खात्री नसते. दरवर्षी बटईदार बदलणाऱ्या मालकाची जमीन म्हणूनच हळूहळू हलकी होत जाते.

इ) ठोका : ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन जमीन एका वर्षासाठी देणे म्हणजे ठोका. मालकाला हजेरीची गरज सर्वांत कमी आणि उत्पन्न निश्चित. परंतु पाऊस हुकला तर संपूर्ण तोटा कसणाऱ्यावर येतो. वर्षभरात जास्तीत जास्त काढून घेण्याची वृत्ती बळावल्याने जमिनीची धूप आणि विहिरीवरील ताण, दोन्ही वाढतात.

पीकनिवड आणि हजेरी :

गिरिजा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि डोंगरउतारावरील मुरमाड, हलकी जमीन, असे दोन्ही प्रकार तालुक्यात आढळतात. मका व कापूस ही येथील प्रमुख पिके असून आले, सोयाबीन, तूर, गहू व हरभरा हीदेखील घेतली जातात. जमिनीच्या पोताइतकाच हजेरीचाही विचार पीकनिवडीत करावा लागतो.

कापसाची वेचणी तीन-चार वेळा होते आणि वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. प्रत्येक वेचणीला काट्याजवळ विश्वासाचे माणूस लागते. बटईच्या कापसात मालक-बटईदार यांच्यातील संशय बहुधा येथेच सुरू होतो. मक्याची कापणी व मळणी एकाच वेळी उरकते, त्यामुळे वाटणीसाठी मोजक्या दिवसांची हजेरी पुरते. मात्र २०१८ मध्ये देशात आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीमुळे मक्याच्या सुरुवातीच्या वाढीचा काळ नाजूक झाला आहे. अळी पोंग्यात शिरल्यावर फवारणीचा परिणाम घटतो. म्हणून या काळात आठवड्यातून किमान दोनदा पोंगे तपासणारी व्यक्ती गावात असणे अत्यावश्यक ठरते.

आल्याला भांडवल मोठे लागते आणि पावसाळ्यात कंदकुजीचा धोका असतो. वाफ्यात पाणी साचून राहिल्यास थोड्याच दिवसांत प्लॉट हातचा जातो. म्हणून रहिवासी भागीदाराशिवाय हे पीक दूरच्या मालकाने घेऊ नये. याउलट हलक्या जमिनीसाठी सीताफळासारखे फळपीक सोयीचे आहे. त्याला पाणी कमी लागते आणि पाने शेळ्या-गुरे सहसा खात नाहीत, त्यामुळे राखणीचा भार हलका होतो. केशर आंब्याला मात्र पहिली काही वर्षे पाणी व संरक्षण द्यावेच लागते. मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याची साधने आणि ठिबक संच यांमुळे रात्रीच्या वीजपुरवठ्यात शेतावर जाण्याची गरज कमी झाली आहे. तथापि फुटलेली नळी किंवा कोरडी पडलेली विहीर मोबाईल दुरुस्त करीत नाही.

नोंदी : कागदावरची हजेरी

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद आता खातेदाराने शेतात जाऊन मोबाईलवर छायाचित्रासह करावयाची असते. ही नोंद वेळेत न झाल्यास हमीभावाने विक्री, पीक विमा आणि नैसर्गिक आपत्तीची मदत या तिन्ही ठिकाणी अडचण येते. शहरात राहणाऱ्या खातेदाराची नोंद अनेकदा मुदत संपता संपता आठवते. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत असल्याने गावातील विश्वासू व्यक्तीकडे हे काम हंगामाच्या प्रारंभीच सोपवणे इष्ट ठरते.

पीक विम्यात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला योजनेत भाग घेता येतो, परंतु त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बटईत असा करार नसतो. परिणामी विमा मालकाच्या नावे निघतो आणि भरपाईही त्याच्याच खात्यात जमा होते. खर्च, मेहनत आणि तोटा ज्याच्या वाट्याला आला, त्या बटईदाराला ती मिळणे मालकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तो जमीनधारकाच्या नोंदीशी जोडलेला असल्याने प्रत्यक्ष कसणारा भूमिहीन बटईदार या व्यवस्थेच्या कडेलाच राहतो.

मालकाच्या दृष्टीने दिलासा देणारी बाब म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. फेरफाराच्या नोटिसाही 'आपली चावडी' या संकेतस्थळावर पाहता येतात. फेरफारावर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. त्यामुळे महिन्यातून दोनदा हे पान उघडून पाहण्याची सवय दूरच्या खातेदाराने लावून घेणे हिताचे आहे.

कायदा : भीती आणि वास्तव

मराठवाड्यातील मालक बटईचा कागद करण्यास का धजत नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. निजामाच्या राजवटीचा अंत १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला आणि त्यानंतर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू झाला. या कायद्याने संरक्षित कुळांना मालकी हक्काचा मार्ग खुला केला. कसणाऱ्याला न्याय देणारा हा कायदा होता. परंतु 'सातबाऱ्याला दुसऱ्याचे नाव लागले की जमीन गेली', ही भीतीही त्याच काळापासून मालकांच्या मनात घर करून आहे. या कायद्यातील 'स्वतः कसणे' याच्या व्याख्येत वेतनावरील गड्याकडून, आपल्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या देखरेखीखाली शेती करून घेणे समाविष्ट आहे. पिकाच्या हिश्श्यावर कसून घेणे मात्र त्यात बसत नाही. सालगडी आणि बटईदार यांच्यातील कायदेशीर फरक तो हाच.

कागद टाळण्यातही तितकाच धोका आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार मालकीहक्काच्या विरोधात बारा वर्षे चाललेला कब्जा मालकाचा दावा मुदतबाह्य करू शकतो. मालकाच्या परवानगीने चाललेली वहिवाट असा प्रतिकूल कब्जा ठरत नाही, परंतु परवानगी होती हे सिद्ध करण्याचे उत्तम साधन लेखी करार हेच आहे. म्हणजेच ज्या कागदाची भीती वाटते, तोच कागद योग्य मसुदा असल्यास मालकाचे रक्षण करतो. नीती आयोगाने २०१६ मध्ये मांडलेल्या नमुना शेतजमीन भाडेपट्टा कायद्याची भूमिकाही अशीच होती : मालकाची मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व मदत मिळावी.

शिवारातली हजेरी :

बांध कोरला जाणे, पाणंद अडवणे, पाटाची दिशा वळवणे या गोष्टी एका दिवसात होत नाहीत. मालक शिवारात दिसेनासा झाला की त्या हळूहळू होत जातात. रस्ता किंवा पाणीवाट अडवली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण ती अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वर्षातून एकदा, दिवाळीला शेतावर जाणाऱ्या खातेदाराच्या हातून हा सोपा व कमी खर्चाचा उपाय निसटतो आणि त्याला दीर्घ दिवाणी दाव्याकडे वळावे लागते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करणे, तसेच पेरणीपूर्वी व सुगीनंतर बांधावरून संपूर्ण फेरी मारणे, ही दोन कामे कोणत्याही पद्धतीत टाळू नयेत. शेजारच्या शेतकऱ्याशी असलेला संबंध हा दूरच्या मालकाचा सर्वांत स्वस्त पहारा होय.

निष्कर्ष :

१. दूरच्या जमिनीच्या बाबतीत आधी उपलब्ध हजेरीचा हिशेब करावा आणि त्यानुसार पीक व पद्धत निवडावी.

२. एका वर्षाच्या तोंडी बटईत मालक, बटईदार आणि जमीन या तिघांचेही नुकसान होते. एकाच बटईदाराशी किमान तीन वर्षांचा संबंध ठेवल्यास, तसेच शेणखत व बांधबंदिस्तीचा खर्च मालकाने उचलल्यास जमिनीचा पोत टिकतो.

३. लेखी करार १९५० च्या कायद्याची माहिती असलेल्या विधिज्ञाच्या सल्ल्याने करावा. विम्याची भरपाई कोणाला व किती मिळणार, याचा उल्लेख त्यात असावा.

४. माहेरच्या जमिनीबाबत बहीण-भावांमधील व्यवहारही लेखी असावा. त्यामुळे बहिणीचा हक्क केवळ उताऱ्यापुरता राहत नाही आणि कसणाऱ्या भावालाही योजनांचा लाभ मागण्यास आधार मिळतो.

५. ई-पीक पाहणी, फेरफार नोटिसा आणि हद्दीची फेरी यांचे वार्षिक वेळापत्रक खातेदाराने आखून ठेवावे.

६. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद मालकाच्या हक्काला धक्का न लावता करता येईल, अशी स्पष्ट कायदेशीर व्यवस्था निर्माण होणे आवश्यक आहे. तोपर्यंत दूरच्या जमिनीवर राबणारा बटईदार शासनाच्या नोंदीत शेतकरी म्हणून दिसणार नाही आणि दुष्काळाच्या वर्षी त्याचीच झोळी सर्वांत रिकामी राहील.